वरच्या खाचरातला हिरवा गोल

भिवाकाका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी परळला आले तेव्हा त्यांच्या पिशवीतून दोन लुंग्या, एक स्वेटर, पाच किलो तांदूळ आणि मातीच्या दोन पुरचुंड्या निघाल्या. तांदूळ आपल्यासाठी आहे हे वैशालीला कळलं. माती कशाला, ते कळेना.

"काका, एवढ्या लांबून माती कसली आणलीत?"

"एकीला लाल दोरा हाय, एकीला पांढरा. गल्लत करू नको," काका खाटेवर टेकत म्हणाले. "तू लॅबोरेटरीत कामाला ना? मग मला एक सांग. वरचं खाचर तू बघितलंयस. त्यात बी एक, शेण एक, पाऊस एक. पण मधे एक गोल हाय, आठ पावलांचा. तेवढ्यात भात कमरेला लागतं. बाकी सगळं गुडघ्याला. असं का?"

"कधीपासून?"

"गिरणी बंद पडली आणि मी गावाला गेलो, त्याच्या पहिल्या पावसापासून बघतोय. चाळीस वर्सं झाली. कोण म्हणतं तिथं गुरं बसत असतील, कोण म्हणतं खाली झरा असेल. मी खणून बघितलं. झराबिरा काय नाय."

काका लोअर परळच्या गिरणीत विणकाम खात्यात होते. संपानंतर गिरणी परत सुरू झालीच नाही, तेव्हा ते मंडणगडकडे खाडीकाठच्या आपल्या गावी परतले आणि कूळकायद्यात बापाच्या नावावर लागलेली डोंगरउताराची वरकस जमीन कसायला लागले. आता शेती त्यांचा मुलगा सीताराम बघायचा, पण बांधावर बसून प्रश्न विचारायचं काम काकांकडेच होतं. हा एक प्रश्न त्यांनी तालुक्याच्या कृषी कार्यालयात नेला होता. तिथे त्यांना एका छापील कागदावर खताच्या गोण्यांचा आकडा मिळाला. 'का' याचं उत्तर कागदावर नव्हतं.

वैशाली परळच्याच एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. बावीस वर्षं झाली. द्रावणं करून ठेवायची, ब्युरेट धुऊन उलटे लावायचे, फुटलेल्या काचेची नोंद ठेवायची. मुलं जे प्रयोग करत त्यांची उत्तरं तिला पाठ होती. कोणाचं उत्तर चुकलं तर ते कुठल्या पायरीला चुकलं हेही ती टेबलावर पसरलेल्या बाटल्या बघून सांगायची. तिचं स्वतःचं बी.एस्सी. वडिलांच्या आजारपणात पहिल्या वर्षालाच सुटलं होतं. ज्याचं उत्तर कोणालाच ठाऊक नाही असा प्रश्न घेऊन तिच्याकडे आजवर कोणी आलं नव्हतं. त्या रात्री स्वयंपाक करताना तिनं दोनदा गॅस बारीक करून त्या पुरचुंड्या हातात घेतल्या. लाल दोऱ्याची माती विटेसारखी तांबडी होती. पांढऱ्या दोऱ्याची, म्हणजे गोलातली, काळपट, आणि वजनाला हलकी.

काकांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन मंगळवारी झालं. बुधवारी दुपारी प्रॅक्टिकल संपल्यावर वैशालीनं दोन चंचुपात्रं घेतली, दोन्ही मात्या मोजून घातल्या, उकळून गार केलेलं पाणी ओतलं, ढवळलं, निवळू दिलं. पीएचची पट्टी बुडवली. लाल दोऱ्याची पट्टी नारिंगी झाली, पाचाच्या आसपास. पांढऱ्या दोऱ्याची हिरवी झाली, सातच्या थोडी वरच. तिनं मीटरवर परत बघितलं. तेच.

विभागाच्या मृणालिनी मॅडम पेपर तपासत बसल्या होत्या. "काय चाललंय, वैशाली? उद्याच्या बॅचचं आहे का?"

"नाही मॅडम, आमच्या शेतातलं आहे," ती जरा ओशाळून म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कोकणातली लाल माती आणि पीएच सात? असं कसं होईल? पावसानं चुना केव्हाच धुऊन गेलेला असतो तिथे. सौम्य हायड्रोक्लोरिक घे बरं. दोन थेंब टाक."

वैशालीनं लाल दोऱ्याच्या मातीवर दोन थेंब टाकले. ओली झाली, बाकी काही नाही. मग पांढऱ्या दोऱ्याच्या मातीवर टाकले, आणि ती माती फसफसली. सोड्याची बाटली हळूच उघडावी तसा बारीक आवाज झाला, पांढरे बुडबुडे उठले आणि बसले.

मुलांना हे ती वर्षातून कितीदा तरी दाखवायची. संगमरवराचा तुकडा, वर आम्ल, फेस आला की कार्बोनेट आहे असं लिहा. पण आज ती तशीच ड्रॉपर धरून उभी राहिली. मग दुसऱ्या जागी थेंब टाकला. तिथेही फस्.

"भिंग आण," मॅडम म्हणाल्या. आता त्यांनाही राहवत नव्हतं.

भिंगाखाली दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे काळे, चकचकीत, कडेला टोकदार कण. बोटात दाबले की काळी रेघ उठायची. कोळसा. दुसरे पांढरे पातळ चुरे. त्यातल्या एकावर अगदी बारीक, एकासारख्या एक रेघा होत्या.

"हा शिंपला आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमचं शेत खाडीला लागून आहे का?"

"नाही हो. खाडी खाली आहे. वर चढून जायला अर्धा तास लागतो."

"मग अर्धा तास चढून शिंपले वर गेले कसे? काकांना विचार आणि मला सांग. विसरू नकोस."

काकांनी साफ कानावर हात ठेवले. "शिंपले? आमच्या डोंगरात? कायतरीच. तुझ्या नळीत घाण असेल." डोळ्यावर हिरवी पट्टी, डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलेलं, त्यामुळे ते दिवसभर गॅलरीत खुर्चीवर बसून तीन मजल्यांखालची रहदारी कानांनी ऐकायचे आणि कंटाळून चिडचिडे झाले होते.

उलगडा झाला तो रविवारी. शेजारची सुभद्रा, मूळची मालवणकडची, गॅलरीत पाट घेऊन शिंपल्यातल्या तिसऱ्या साफ करायला बसली होती. एकेक तिसरी विळीवर उघडायची आणि रिकामा शिंपला अ‍ॅल्युमिनियमच्या टोपात टाकायची. टण्, टण्, टण्. अर्धा टोप भरल्यावर तिनं तो बाजूला सारण्यासाठी हलवला आणि सगळे शिंपले एकदम खळखळले.

काकांनी मान वळवली. "ए सुभद्रे, परत हलव बघू."

"काय हलवू?"

"तो टोप."

सुभद्रानं वैशालीकडे बघितलं, म्हातारा बिघडला की काय अशा नजरेनं, आणि टोप हलवला. काका डोळे मिटून ऐकत होते.

"माझी आजी," ते म्हणाले. "आजीच्या डोक्यावरच्या हाऱ्यात हाच आवाज यायचा. मी तिच्या मागनं चालायचो. पाच-सहा वर्षांचा असेन. खाडीवरनं शिंपले भरायचे आणि वर न्यायचे. खोताचं दुमजली घर बांधायला काढलं व्हतं, गिलाव्याला चुना पाहिजे. भट्टी लावली व्हती वर माळावर. शिंपल्याचा थर, कोळशाचा थर, शिंपल्याचा थर. गावात धूर नको म्हणून वर." त्यांनी स्वतःचे तळवे चोळले. "चुन्यानं आजीच्या हाताच्या सालपटी निघायच्या. ती रात्री खोबरेल लावायची. तेवढं आठवतं. भट्टी नेमकी कुठं व्हती ते मी कधी मनातच आणलं नाय. तेव्हा तिथं खाचर नव्हतं ना. नुसता उतार. बापानं बांध घालून खाचर केलं ते मागनं, मी गिरणीत लागलो तेव्हा."

"म्हणजे भट्टीवरच खाचर पाडलं," वैशाली म्हणाली.

"भट्टीवरच पाडलं असणार. राखरांगोळी सगळी मातीत." काकांचा हात खुर्चीच्या दांड्यावर थापट्या मारत होता. "चाळीस वर्सं मी त्यात उभा राहून भात कापतोय, आणि माझ्या आजीनं वाहिलेलं हाय हे मला ठाऊक नाय."

सुभद्रानं टोप खाली ठेवला. मग म्हणाली, "आणखी हलवू काय, काका?" आणि काका हसले.

वैशालीला वाटलं होतं की एवढ्यावर तिचं समाधान होईल. झालं उलटच. दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना सगळं सांगितलं आणि शेवटी स्वतःच म्हणाली, "पण मॅडम, भात वाढतं ते चुन्यानं की कोळशानं? दोन्ही आहेत त्यात."

"लावून बघ," मॅडम म्हणाल्या.

सीतारामनं परळला येणाऱ्या खासगी बसच्या टपावर लाल मातीची दोन पोती आणि गोलातल्या मातीचं एक लहान पोतं टाकून दिलं. सोबत भाताचं बियाणं. चाळीतल्या दोघा-चौघांनी हात लावून पोती गच्चीवर चढवली. रंगाच्या दुकानातून पाच रिकामे डबे आले, चुन्याची पिशवीही तिथूनच. कोळसा खालच्या इस्त्रीवाल्याकडे होता. त्याच्या पोत्याच्या तळाला जी भुकटी उरायची ती तो नाहीतरी फेकूनच द्यायचा. पहिल्या डब्यात साधी लाल माती. दुसऱ्यात चुना मिसळून. तिसऱ्यात कोळसा. चौथ्यात दोन्ही. पाचव्यात गोलातली माती. वैशालीनं डब्यांवर पांढऱ्या रंगानं आकडे घातले, चुना मातीत मुरायला दहा दिवस दिले आणि प्रत्येकात सहा-सहा दाणे पेरले.

ती रोज सकाळी कामाला जाण्याआधी मोजपट्टी घेऊन वर जायची आणि रोपांची उंची वहीत लिहायची. काकांची पट्टी निघाली तसे तेही काठी टेकत वर यायला लागले. एक डोळा नवा, एक जुना. नव्या डोळ्यानं ते पात्यांचा रंग बघायचे. "दोन नंबरचं हिरवं बघ. एक नंबर कसं आजारी माणसासारखं. आणि ह्या तिसऱ्याला काय झालंय?"

तिसऱ्या डब्यातलं भात पिवळं पडत चाललं होतं. नुसत्या लाल मातीपेक्षाही वाईट. वैशाली बुचकळ्यात पडली. कोळशानं बरं व्हायचं सोडून हे काय? मॅडम म्हणाल्या, कोरडा कोळसा भुकेला असतो, मातीतलं नत्र तोच आधी धरून ठेवत असेल, रोपाला मिळू देत नसेल. वैशालीनं वहीत 'कोळसा: नुकसान' असं लिहून खाली रेघ मारली.

त्यानंतर काकांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, कॉलेजात परीक्षा आल्या, आणि तिला आठ-दहा दिवस गच्चीवर जायला जमलं नाही. पाणी घालायचं काम तिनं सुभद्राकडे दिलं. दहाव्या दिवशी ती वर गेली आणि डब्यांवरचे आकडे पुन्हा पुन्हा वाचत राहिली. तीन नंबरचा डबा सगळ्यांच्या वर गेला होता. पाती गडद, रुंद. एकेका रोपाला चार-चार फुटवे. पाच नंबरसुद्धा त्याच्यापुढे किरकोळ दिसत होता.

ती धावत खाली आली. "सुभद्रावहिनी, तीन नंबरला काय घातलंत?"

सुभद्रा चपात्या लाटत होती. "काय नाय गो. पाणी."

"वहिनी."

"अगो, तां बिचारां पिवळां पडलेलां. माका बघवला नाय." सुभद्रानं लाटणं थांबवलं. "मासळी धुतलंय ना, तां पाणी रोज तेका घातलंय. आमच्या गावाक माडाक घालतंव तसा. बाकीच्यांका नुसता नळाचा."

वैशाली खरंच चिडली. "अहो, प्रयोग होता तो! सगळ्यांना सारखं पाणी म्हणून सांगितलं होतं ना मी? दीड महिना फुकट गेला."

"फुकट कसो? झाड बघ कितक्या झालां."

"पण कशानं झालं ते कसं कळणार आता?"

"माशाच्या पाण्यान."

"का माशाच्या पाण्यानं? मग कोळशाचं काय?"

"ता माका काय ठावक?" सुभद्राही आता तडकली. "मी माणसाक विचारतंय काय, तू भातान बरो झालस की आमटीन?"

वैशाली घरात येऊन धप्पकन बसली. काका आतून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "वैशे, ती चुकली, पण तिनं तुला नवीन गोष्ट दाखवली का नाय? तू आणि तुझ्या मॅडमनी त्या डब्याला मेलेला म्हणून लिहिलं व्हतं."

तिनं वही काढली. 'कोळसा: नुकसान' या ओळीकडे बघितलं. आपण दीड महिन्यात उत्तर लिहून मोकळे झालो होतो, मुलं जर्नलमध्ये लिहितात तसे, हे तिला बोचलं. कोळसा भुकेला होता हे खरं. मग भुकेल्याला खायला घातलं तर तो काय करतो, हा पुढचा प्रश्न तिला सुचायला हवा होता. तो सुभद्राला सुचला, आणि तोही दयेपोटी.

संध्याकाळी ती चहाचा कप घेऊन शेजारी गेली. "वहिनी, परत लावायचंय. या वेळी तुम्ही सांगा कुठल्याला किती पाणी ते. पण मोजून."

"मापटां देतलस तर मोजतलंय," सुभद्रा म्हणाली. कप मात्र तिनं लगेच घेतला.

दुसऱ्या खेपेला मॅडमनी बजावलं की प्रत्येक प्रकाराचा एकच डबा ठेवून भागणार नाही, किमान तीन हवेत. एखादा डबा उन्हात येतो, एखाद्यात उंदीर शिरतो. सहा प्रकार, तीन-तीन डबे, अठरा डबे. गच्चीचा पापड वाळवायचा कोपरा त्यात गेला. चाळीच्या कमिटीचे माधव तावडे चौकशीला आले तेव्हा सुभद्रानंच त्यांना गाठलं आणि प्रत्येक डब्यात काय आहे ते मापट्यासकट इतकं सविस्तर समजावलं की ते खाली जाताना 'चार नंबरचं मलाही बघायचंय' म्हणून गेले.

मे संपता संपता चित्र स्पष्ट झालं. साध्या लाल मातीला मासळीचं पाणी घातलेले डबे आधी जोरात उठले, मग थबकले. दर वेळी पाणी घातलं की त्यातला गढूळ भाग डब्याच्या भोकांतून वाहून जाताना दिसायचा. कोळशाच्या डब्यांतून पाणी नितळ यायचं. जे घातलं ते कोळसा धरून ठेवत होता आणि मुळांना हळूहळू देत होता. नुसत्या चुन्यानंही बराच फरक पडला होता, वैशालीच्या अपेक्षेपेक्षा जास्त. आणि चुना, कोळसा, मासळीचं पाणी हे तिन्ही ज्या तीन डब्यांत होतं, ते तिन्ही डबे पहिले आले. गोलातल्या मातीच्या बरोबरीनं.

काका तेव्हा गावी परतले होते, दोन्ही डोळे स्वच्छ करून. वैशालीनं फोन लावला. पलीकडे सीताराम होता.

"जय भीम, ताई. बाबा सांगत होते, तुझ्या डब्यांचं. पण आमच्याकडे डबे नाहीत ना, खाचर आहे. एवढा चुना आणायचा कुठून? आणि मासळीचं पाणी? अख्खं गाव धुवावं लागेल."

"शिंपले आहेत ना खाडीवर?"

"ढिगानं. लोक तिसऱ्या खातात आणि बांधावर टाकतात."

"भाताचं तूस आहे?"

"भाताच्या गिरणीमागे पडलेलं असतं. कोण नेत नाही."

"मग खड्डा काढ. थराथरानं टाक आणि भाज. तूस पेटलं की पुरतं राख होऊ देऊ नकोस, काळं झालं की पाणी मार. थंड झाल्यावर चाळून शिंपल्याचा चुरा वेगळा काढ, तो चुना थेट खाचरात मिसळ. मग ते काळं तूस महिनाभर गोठ्यातल्या पाण्यात भिजत ठेव, शेण-मुताच्या. कोरडं टाकलंस तर भात पिवळं पडेल, मी सांगून ठेवते."

सीताराम हसला. "म्हणजे आजीची भट्टी परत लावायची."

"पणजीची. तुझी पणजी." मग ती म्हणाली, "आणि हातात काहीतरी घालून काम कर. ताजा चुना भाजतो."

"पण सगळ्या खाचरात नको," ती पुढे म्हणाली. "अर्ध्यात टाक. मधे दोरी लाव. अर्धं होतं तसंच ठेव. कापणीला दोन्ही वेगळं झोडायचं, वेगळं मोजायचं."

"अर्धं?" सीतारामनं विचारलं. मग म्हणाला, "बरं."

पावसाळाभर वैशालीला फोनवर फोटो येत राहिले. दोरीच्या डाव्या बाजूला टाकलेलं, उजव्या बाजूला न टाकलेलं. जुलैत फरक दिसेना, ऑगस्टमध्ये दिसायला लागला, मग मध्येच काकांचा फोन आला की खालच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंचं भात अगदी सारखं आहे, तिथे काही उपयोग झालेला नाही.

"खालच्या कोपऱ्यात पाणी साचून राहतं का, काका?"

"हां. वरून सगळं तिथंच येतं. महिना झाला, चिखल हटला नाय."

तिनं मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, माती बरेच दिवस पाण्याखाली राहिली की तिचा आंबटपणा आपोआप उतरतो, चुना घाला न घाला. म्हणजे तिथे चुना फुकट जातो. वैशालीनं हे काकांना सांगितलं तेव्हा ते खूप वेळ 'अच्छा, अच्छा' करत राहिले. "म्हणूनच मळ्यातलं भात कधी रुसत नाय," ते म्हणाले. "पाणी धरणारी जमीन मळेवाल्यांकडे, उतार आमच्याकडे. आम्हाला वाटायचं त्यांचा हात चांगला." यात कडवटपणा होता का, हे तिला फोनवरून ओळखता आलं नाही. आवाज तर मजेत होता.

कापणी ऑक्टोबरच्या शेवटी झाली. वैशालीला सुट्टी मिळाली नाही. एका रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा ती आणि सुभद्रा गच्चीवर डबे रिकामे करत होत्या. वैशालीनं फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, लिहून घे," सीताराम म्हणाला. "ताणकाट्यावर मोजलंय, बाबा समोर उभे होते. न टाकलेली बाजू, एकतीस किलो. टाकलेली बाजू, त्रेचाळीस."

सुभद्रानं ओला हात वैशालीच्या पाठीवर मारला. वैशालीनं आकडे लिहिले आणि मग विचारलं, "गोल वेगळा काढलास ना? तो कुठल्याच बाजूला धरला नाहीस?"

"वेगळा काढला. नऊ किलो, तेवढ्याशा जागेत. अजून तोच पुढे आहे. आपली बाजू त्याच्या निम्म्यावरच."

"तो साठ-पासष्ट वर्षं तिथे आहे. आपण पाच महिने."

"ते बाबापण म्हणाले." सीताराम म्हणाला. "ताई, एक बोलू? रागावू नको. पुढच्या वर्षी मी सगळ्या खाचरात टाकणार. खालचा कोपरा सोडून. तू म्हणशील अर्धं तसंच ठेव, आणखी एक वर्ष बघू. पण ते बारा किलो आहेत ना, ते आमच्या घरात आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं बघायला म्हणून अर्धं शेत उपाशी ठेवायचं, हे मला जमणार नाही."

'अर्धं तसंच ठेव' हेच वैशाली म्हणणार होती; वहीत तिनं पुढच्या वर्षाचा तक्ता आखूनही ठेवला होता, दोन रकान्यांचा. एका वर्षाचा आकडा म्हणजे काहीच नाही. पाऊस बरा झाला असेल, बियाणं बरं असेल. दुसरा रकाना नसेल तर चुना दुसऱ्या वर्षी टिकतो की वाहून जातो हे कधीच कळणार नव्हतं. पण त्या रकान्यात कोणाचं तरी जेवण होतं हे तिनं तक्ता आखताना धरलं नव्हतं.

"किती सोडू शकशील?" तिनं विचारलं. "अर्धं नको. तुला परवडेल तेवढं."

फोनवर बाजूला काहीतरी बोलणं झालं. मग काका आले. "वैशे, मी सांगतो. बांधाला लागून पाच पावलांचा पट्टा सोडतो. लांबी खाचराएवढी, रुंदी पाच पावलं. त्यात जे कमी येईल ते माझ्या वाटणीचं कमी. ह्याला बोलू नको."

"बाबा, तसं नाही हो..." मागून सीताराम म्हणत होता.

"मला बघायचंय," काका म्हणाले. "तू चूप. चाळीस वर्सं बघत व्हतो तेव्हा डोळ्यांना दिसत नव्हतं. आता दोन्ही डोळे चालतात."

"पाच पावलं चालतील," वैशाली म्हणाली. "पण दोन्ही टोकांना खुंट्या मारा, काका. आणि पट्टा खालच्या कोपऱ्यापर्यंत नेऊ नका, नाहीतर पाण्यानं परत गोंधळ होईल."

"ते मला कळतं. पुढं?"

"दर आठवड्याला उंची. दहा रोपांची, तीच तीच दहा. दोरा बांधून ठेवा त्यांना."

"कुठल्या रंगाचा?"

"कुठलाही," ती म्हणाली, आणि सुभद्राकडून पेन्सिल घेऊन वहीतला दुसरा रकाना खोडून अरुंद करायला बसली.